तुझ्या ओंजळीतलं पाणी

गोरखपुर, जबलपुर
रविवार, १८ मे २०२५

शालिग्राम,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. तो कागद फाडला, नवा घेतला.

सौ. सरोजिनीवहिनींना माझा आणि विनताचा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? विनता म्हणते एरंडेल कोमटच लावायचं, गरम करून लावलं की सूज वाढते. इथे ऊन असं आहे की टूलरूमच्या पत्र्याखाली व्हर्नियर हातात धरवत नाही, आणि धरला तरी माप खोटं येतं, कारण लोखंडच फुगलेलं असतं. कूलरची खस परवा बदलली. आम्ही दोघं ठीक.

झाली विचारपूस.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचून राहिला आहेस आणि गप्प बसून राहिला आहेस. म्हणून हे पत्र. फोन कापता येतो. पण तिकडे नागपूरला पोस्टमनने वहिनींच्या हातात पाकीट दिलं की त्या विचारतील, "जबलपुरहून काय आलं?" मग तुला वाचावंच लागेल, तुझ्यासारख्या भित्र्या माणसालाही.

घमापुरच्या लग्नाला तू एप्रिलअखेर इथे येऊन गेलास, हे मला कळलं आहे. माझ्या घरी आला नाहीस. विनता म्हणाली, "भाऊजी घाईत असतील." घाईत होतास खरा. सिहोऱ्याला जायचं होतं ना तुला, टँकर ठरवायला.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहितो, कारण तू ते विसरल्यासारखा वागलास.

सिहोऱ्याच्या पुढे डांबर संपतं आणि लाल मुरमाचं पठार लागतं. मे महिन्यात तिथे गवताची काडी दिसत नाही, दगड इतका तापतो की चपलेचा रबर मऊ पडतो. वाळवंट बघायला लोक राजस्थानात जातात; आपल्याला स्कूटरवर दोन तासांत सापडलं होतं. आणि त्या भट्टीच्या पोटाशी, कड्याखाली, बैलगाडीच्या चाकाएवढं एक कुंड. त्यात थंड पाणी. ते वाहतं, वाहतं, मग एकदम थांबतं. पार गप्प. मग आतून गुळगुळ आवाज येतो आणि पुन्हा वाहू लागतं. गोंड म्हणतात, माई दम घेते. म्हणून सांसामाई.

आपण दोघांनी त्याचं कारण आपल्या डोक्यानं काढलं होतं. तू कॉलेजात गेला नाहीस, मी गेलो नाही. डोंगराच्या पोटात पोकळी, पोकळीला वाकडी नळी. पोकळी भरली की नळी पाणी ओढते, रिकामी झाली की सुटते. डब्यातून रॉकेल काढताना होतं तसं. हे तू माझ्या अंगणात बादली आणि रबरी पाइप घेऊन करून दाखवलंस तेव्हा विनताचा धुतलेला पोर्च भिजवला होतास. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

भांडण एकाच गोष्टीवर होतं. पोकळीत पाणी येतं कुठून? तू म्हणायचास, वरच्या नाहरखोहमधून. पठारावरच्या त्या भोकात पावसाचं पाणी गडप होतं तेच खाली येतं. मी म्हणायचो, नाही. वरचं पाणी असतं तर ऋतूप्रमाणे त्याची उष्णता बदलली असती, आणि माईचं पाणी वर्षभर एकसारखं. पंधरा वर्षं थर्मामीटर लावून मी हे बोलत होतो. माझ्या मते ते उत्तरेकडून, संगमरवराच्या थरातून येत होतं.

थर्मामीटर कुठे लावायचो, ते आठव. कुंडात कधीच नाही, बाहेर पडलेल्या ओघळात. सुमरतीबाईचा नियम होता. तिच्या सासरच्या घराण्याकडे माईची सेवा, रोज पहाटे कुंडाभोवतीचा पाला झाडायचा मान तिचा. पहिल्याच दिवशी माझ्या हातात मोजपट्टी बघून ती म्हणाली होती, "जो बाहर आ गया, वो तुम्हारा। नापो जितना नापना है। भीतर कुछ मत डालना।" तेव्हापासून मी नापू भैया. सगळं गाव हसायचं. तू सगळ्यांत जास्त.

आणि पाणी उचलायची ती रीत आठव. बाहेरचा माणूस माईपाशी जाणार असेल तर तिचा दम परत येईपर्यंत थांबायचं, वाहू लागली की ओंजळ भरायची, आपलं नाव, बापाचं नाव, गाव सांगायचं, आणि मी इथे वावगं करणार नाही असं म्हणून पाणी प्यायचं. माझा त्यावर विश्वास नव्हता. मी फॅक्टरीतला माणूस, पाण्यासमोर शपथ कसली घ्यायची? ताठपणे नाही म्हणालो. गावचा मुखिया, मुकद्दम, मला परत पाठवत होता. तेव्हा सुमरतीबाई पुढे झाली, तिनं स्वतः ओंजळ भरली आणि माझ्या वतीनं प्यायली. मला वाटलं, चला, म्हातारीनं अडचण सोडवली. थर्मामीटर काढून कामाला लागलो.

तू मात्र हसत हसत ओंजळ भरलीस. "शालिग्राम, बापाचं नाव भय्यासाहेब डबीर, गाव जबलपुर, मोहल्ला घमापुर।" पिनकोडसुद्धा सांगितलास. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला म्हणालास, "प्यायला काय जातं बापा? थंडगार आहे."

आता संक्रांत. यंदाच्या जानेवारीत तू आमच्याकडे आलास, विनतानं गुळाची पोळी केली होती, आणि तू पुन्हा नाहरखोह काढलंस. मी म्हणालो, "शाल्या, तू जन्मभर स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट वाटले. पाणी कुठून येतं ते मला शिकवू नको." विनता म्हणाली, "अहो, पुरे की." तू हसलास. पण पोळी अर्धी ताटात सोडलीस. तुपाची धार धरलेली पोळी तू आयुष्यात कधी सोडली नव्हतीस. मी ते पाहिलं होतं आणि दुसरी वाढायला सांगून मोकळा झालो होतो.

तर एवढ्यासाठी?

मे लागला आणि सुमरतीबाईचा फोन आला. ती फोनवर ओरडूनच बोलते. त्या दिवशी हळू बोलली. "नापू भैया, माई ने हरा थूका है।"

मी फॅक्टरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. सगळं गाव कुंडाभोवती उभं होतं. माई थांबलेली होती. मग गुळगुळ झालं आणि पाणी आलं. हिरवं. शेवाळ्याचं हिरवं मला ओळखता येतं. हे होळीचं हिरवं होतं, तो पक्का रंग, जो पोरांच्या कानामागून आठवडाभर जात नाही. कुंडातले ते बोटाएवढे मासे, ज्यांना बाया ज्वारीच्या लाह्या घालायच्या, ते पोट वर करून कडेला लागले होते. सुमरतीबाई एकेक मासा पानावर उचलून ठेवत होती.

पाण्याची वाट शोधायला वेगळा रंग मिळतो. चिमूटभर पुरतो, माशाला काही होत नाही. त्याचं नाव तुला मीच सांगितलं होतं, आणि त्याच दमात हेही सांगितलं होतं की तोसुद्धा तिथे टाकायचा नाही. तू काय केलंस? घमापुरच्या बाजारात उरलेला होळीचा माल स्वस्तात मिळाला, पोतं उचललं! मी खोहवर गेलो तेव्हा रिकाम्या पिशव्या तिथेच पडल्या होत्या, दुकानाचं नाव छापलेल्या. टँकरच्या चाकांचे वळ होते. सिहोऱ्याचा टँकरवाला लगेच सापडला. म्हणतो, "नागपुरवाले अंकलजी थे, बड़े हँसमुख। बोले, जंगली जानवरों के लिए पानी डाल रहे हैं, पुण्य का काम है।" पुण्य! त्यानं तुझ्याकडून एका खेपेचे पैसेसुद्धा घेतले नाहीत म्हणे, पुण्यात वाटा म्हणून.

तुझा बचाव मला आत्ताच ऐकू येतो आहे. "अरे, मी कुंडात कुठे टाकलं? मी तर वर खोहमध्ये टाकलं. आणि तुझ्याच म्हणण्याप्रमाणे खोहचा माईशी संबंध नाही. मग?" असली वकिली मलाही येते. पण तू टाकलंस ते संबंध आहे असं मानूनच ना? आणि टाकून पाणी कुठे निघतं ते बघायला थांबलासही नाहीस. रात्रीच्या गाडीनं नागपूर. मी बघेन आणि मी कळवेन, असा तुझा हिशेब. मी पंधरा वर्षं जपलेली जागा तुझ्या प्रयोगाचं दुसरं टोक झाली, आणि मी तिथला तुझा बिनपगारी मदतनीस.

तुझी चूक इथवर. यापुढचं माझं आहे, आणि ते मी आतापर्यंत टाळत आलो. गुडघा, खस, संक्रांत, सगळं लिहून झालं.

खोहवरून खाली आलो तेव्हा माझ्या हातात त्या पिशव्या होत्या. मुकद्दमनं पाहिल्या. त्यानं विचारलं, "ये किसने किया?"

मी म्हणालो, "मैंने।"

काहून म्हणालो? वरवरचं उत्तर तयार आहे. पोरं तापली होती, तुझं नाव घेतलं असतं तर नागपूरचा पत्ता विचारला असता. मला वाटलं, फॅक्टरीतल्यासारखं आहे. जॉब बिघडला, एकानं अंगावर घेतला, दंड भरला, विषय संपला. बोकड मागतील, देईन. आपल्या इतक्या वर्षांच्या मैत्रीचा मान राहील. असं स्वतःला सांगत मी छाती काढून उभा होतो.

मुकद्दम माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. तो वळला आणि म्हणाला, "सुमरती, इसका पानी तूने उठाया था।"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, शाल्या. त्यांच्यात ज्यानं पाणी उचललं, दोष त्याचा. तुझं पाणी तू उचललंस, म्हणून तू केलेलं तुझ्या माथी. माझं पाणी तिनं उचललं, म्हणून मी केलेलं तिच्या माथी. पंधरा वर्षं मी त्या जागेची इंच-इंच नोंद ठेवली आणि ती बाई माझ्या वतीनं काय प्यायली हे कधी विचारलं नाही. मला ती भाबडी रीत वाटली होती. मी मोठेपणानं तुझा गुन्हा अंगावर घेतला आणि तो माझ्या अंगावर टिकलाच नाही, सरळ घरंगळत तिच्यावर गेला.

हातातला खराटा तिनं मुकद्दमच्या पायांशी ठेवला. बस.

त्या दिवसापासून माईचा पाला कुणी झाडलेला नाही. सोमवारी, २६ तारखेला, अमावास्या आहे. आपली वैशाखाची, त्यांची जेठाची. त्या दिवशी बिदरी. पेरणीआधी घराघरातलं मूठ-मूठ बी एकत्र करतात, माईचं पाणी शिंपडतात, पूजतात, आणि मग तेच वाटून नेऊन पेरतात. त्या ढिगात यंदा सुमरतीबाईच्या घरची मूठ पडणार नाही. खराटा दुसऱ्या घराकडे जाईल. तिच्या सुनेला बाया आत्ताच हँडपंपावर मागे उभं करतात. बिदरी झाली की हे कायमचं. मग कुणीही काही सांगून उपयोग नाही.

मी गप्प बसलो असं समजू नको. ती मला पठाराच्या टोकापर्यंत सोडायला आली तेव्हा मी खरं सांगितलं. म्हटलं, बाई, मी नाही केलं, शालिग्रामनं केलं. ती म्हणाली, "मालूम है।" कसं काय, विचारलं. म्हणाली, "तूने कभी कंकड़ तक नहीं डाला। आज पहली बार बिना नापे बोला, और वो भी झूठ।" आणि हसली रे ती. त्या हसण्यानं मला जे झालं ते तुझ्या हिरव्या पाण्यानं झालं नव्हतं.

मी म्हटलं, मग तुम्हीच पंचांना सांगा. ती चिडली. "मैं काहे बोलूँ? उसका पानी मैंने उठाया था क्या? जिसने उठाया, वही आके उतारे।"

दुसऱ्या दिवशी मी मुकद्दमकडे पुन्हा गेलो, टँकरवाल्याला सोबत घेऊन. मुकद्दमनं ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "कल तुम, आज वो। परसों किसका नाम लोगे, नापू भैया?" टँकरवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, मी अंकलजींना पाणी ओतताना पाहिलं, रंग टाकताना नाही. खोटं नाही बोलत तो. रंग तू त्याला पाठवून दिल्यावर टाकलास ना? हुशार. माझ्या शब्दाची त्या गावात एक किंमत होती. ती मी एका शब्दात घालवली. त्यांनी मला बजावलं आहे, महुआच्या झाडापलीकडे यायचं नाही. त्या महुआपासून कुंड दिसत नाही. ऐकू येतं फक्त. मी परवा जाऊन ऐकून आलो.

आता नीट वाच. येत्या रविवारी, २५ तारखेला, रात्री नागपूरहून निघ. मी सोमवारी पहाटे स्टँडवर असेन, गाडी घेऊन. वहिनींना खरं कारण सांगून ये, "आलोकची तब्येत" वगैरे काही नको. माझी तब्येत उत्तम आहे. मी तुला महुआपर्यंत सोडेन, पुढे तू एकटा. कुंडापाशी जाऊन उभा राहा. माई थांबलेली असली तर थांब. वाहू लागली की ओंजळ भर. पाणी अजून पूर्ण निवळलेलं नाही, कडेला हिरवट झाक आहे, आणि तेच तुला प्यायचं आहे. नाव सांग, बापाचं नाव सांग, आणि काय केलंस ते सांग, टँकर, पोतं, सगळं. विनोद करू नको. पिनकोड सांगू नको. नळी, पोकळी, पाण्याचा दाब, यातलं एक अक्षर काढू नको. "रंगच तर होता" म्हणू नको; मी महुआपाशी उभा असेन, पण मला ऐकू येतं हे लक्षात ठेव.

दंड काय सांगतील मला माहीत नाही. जो सांगतील तो तुझा. त्यात मी एका पैशाचा वाटेकरी नाही, आणि तू मागू नको.

"आता या वयात सगळ्यांसमोर" असं तू म्हणशील. सुमरतीबाईचं वय तुझ्यापेक्षा जास्त आहे आणि तिनं ते सगळ्यांसमोरच झेललं, न केलेलं.

आता शेवटचं. हे पत्र बुधवारीच निघालं असतं. या एका परिच्छेदासाठी चार दिवस अडलं होतं. त्या दिवशी गर्दीत उभा असताना हिरवं पाणी बघून माझ्या मनात माशांच्या आधी, सुमरतीबाईच्या आधी, एक गोष्ट आली. नाहरखोह. तुझं नाव मी का घेतलं नाही, याचं खालच्या थरातलं उत्तर तेच आहे. तुझं नाव घेतलं असतं तर हेही बोलावं लागलं असतं, आणि "मी केलं" म्हणणं मला त्यापेक्षा सोपं गेलं. पाणी वरूनच येतं. तू म्हणत होतास तिथूनच, त्याच वाटेनं. डोंगराच्या पोटात इतका वेळ मुरतं की त्याची उष्णता एकसारखी होऊन जाते. हे मला सुचायला हवं होतं, सुचलं नाही. पंधरा वर्षं मी चूक होतो आणि स्टोअरमध्ये बसणारा तू बरोबर होतास.

हे वाक्य तुला माझ्या तोंडून हवं होतं. त्यासाठीच केलंस ना हे सगळं? घे. माझ्या अक्षरात, खाडाखोड न करता, खाली सहीसकट. फ्रेम करून दिवाणखान्यात लाव, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखव, मी हरकत घेणार नाही.

पण आधी रविवारची बस पकड.

तुझा हरलेला,
आलोक टेंभेकर